‘प्रकाशोत्प्रेरक’ आणि ‘दृश्य प्रकाशोत्प्रेरक’

प्रश्न : सूर्यप्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन मिळवण्यावरचा लेख मराठीत आणतेय. फोटोकॅटॅलिस्टला ‘प्रकाशोत्प्रेरक’ म्हटलं तर चालेल का? आणि दृश्य प्रकाशात काम करणाऱ्याला ‘दृश्य प्रकाशोत्प्रेरक’?

उत्तर : पहिला शब्द खुशाल वापरा, संधीही नियमाप्रमाणे आहे. फक्त ‘प्रकाश हाच उत्प्रेरक’ असा विग्रह कुणी करू नये. उत्प्रेरक असतो तो अर्धवाहक, उदाहरणार्थ टायटॅनियम डायऑक्साइड. प्रकाश शोषला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि मागे धनभारित ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरतो. इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडवतो, होल ऑक्सिजन. खर्ची पडतो तो प्रकाश. तेव्हा विग्रह ‘प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक’.

दुसरा शब्द मात्र नको. त्यात ‘दृश्य’ हे विशेषण उत्प्रेरकाला चिकटतं, जणू तो डोळ्यांना दिसतो म्हणून वेगळा. या विषयात तर सगळं त्या विशेषणावरच अवलंबून आहे. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाणी फोडलं, पण त्या पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे 3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे त्याला अतिनील किरण लागतात, आणि सूर्याच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम 5 टक्के. दृश्य प्रकाश वापरायचा तर गॅप कमी हवा, तरी पाणी फुटायला लागणाऱ्या 1.23 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बराच वर. कॅडमियम सल्फाइडचा 2.4 आहे, अगदी सोयीचा, पण पाण्यात प्रकाश पडला की ते स्वतःच झिजतं. ही सगळी ओढाताण वाचकाला कळायला हवी असेल, तर सरळ ‘दृश्य प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक’ लिहा. लांब झालं तरी चालेल.

आणखी एक : ‘पाण्याचं विघटन’ की ‘अपघटन’?

अपघटन. शाळेत ‘विद्युत अपघटन’ शिकलेल्या वाचकाला ते लगेच लागतं. विघटन म्हटलं की कुजणं आठवतं.

माझी एक शंका : उत्प्रेरक तर अभिक्रियेचा नुसता वेग वाढवतो ना? पाणी फोडायला मोलमागे 237 किलोजूल बाहेरून द्यावे लागतात. मग ‘उत्प्रेरकाने पाणी फोडलं’ हे वाक्य बरोबर कसं?

बरोबर नाहीच, शंका रास्त आहे. ती ऊर्जा प्रकाश देतो. ‘उत्प्रेरकाच्या साहाय्याने प्रकाशाने पाण्याचं अपघटन होतं’ असं लिहावं.