रंग गेला म्हणजे सांडपाणी शुद्ध झाले का?

रावपुरेकर, वडोदरा: परिचितांच्या छोट्या रंगाई कारखान्यात अ‍ॅझो या प्रकारच्या कृत्रिम रंगांचे सांडपाणी जिवाणू असलेल्या बंद टाकीत ठेवल्यावर लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. असे असताना पुढे हवा देण्याच्या टाकीचा खर्च टाळता येईल का?

जीवशास्त्र_अभ्यासक: माझ्या मते मुळीच टाळू नये. ऑक्सिजन नसताना जिवाणूंमधील अ‍ॅझोरिडक्टेज हे विकर रंगरेणूतील दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तोडते आणि म्हणून रंग दिसेनासा होतो. परंतु मागे उरणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (तुटलेल्या रंगरेणूचे नायट्रोजनयुक्त तुकडे) रंगहीन असली तरी निरुपद्रवी नसतात, आणि काँगो रेड या लाल रंगापासून निघणारे बेंझिडीन तर कर्करोगकारक आहे. या अमाइन्सचे विघटन बहुधा ऑक्सिजनच्या सान्निध्यातच, म्हणजे हवा देण्याच्या टाकीतच होते. सल्फोनेट (गंधकयुक्त) गट असलेली काही अमाइन्स तेथेही चिवटपणे टिकतात.

सयाजीगंजकर: रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या) रंगांसाठी भरपूर मीठ वापरतात, हेही ध्यानात घ्यावे. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे जिवाणू अशा खारट पाण्यात मंदावतात. त्यामुळे त्याच सांडपाण्याला सरावलेला जिवाणूयुक्त गाळ बाहेरून विकत आणलेल्या जिवाणूंच्या पावडरीपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. शिवाय जिवाणू रंगावर जगत नाहीत, त्यांना स्टार्चसारखे सेंद्रिय खाद्य लागते.

रावपुरेकर: म्हणजे तपासणीत काय पाहावे?

जीवशास्त्र_अभ्यासक: केवळ रंग नव्हे, तर सीओडी (पाण्यातील पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन), अमाइन्सचे प्रमाण आणि शक्य असल्यास मासे किंवा डॅफ्निया या पाण्यातील इवल्या जिवावरील विषारीपणाची चाचणीही पाहावी. मीठ मात्र जिवाणू काढत नाहीत. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागेल.