मदत हवी आहे : कुर्त्याला इरकलीचा काठ लावला, धुतल्यावर चुण्या आल्या

कापूसकोंडी
साधा एकरंगी राखाडी सुती कुर्ता आहे, चार वर्षं वापरातला, साइड कटवाला. कुर्त्याची छाती ४० भरते आणि माझ्या अंगाचं मापही ४०च, म्हणून काखेत आणि छातीवर ओढतो. शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) अर्धाच इंच. घेर (खालची कड) पुढून २२, मागून २२, सरळ.
जुन्या इरकली साडीचा २½ इंची काठ घेराला आणि बाह्यांना मशीनवर लावला. लावला तेव्हा सपाट होता, पहिल्या धुण्यानंतर चुण्या आल्या. काखेत ४ इंची चौबगळा (मोकळिकीसाठी चौकोनी तुकडा) घातला, तो कोपऱ्यात फाटला आणि छातीवरची ओढ आहे तशीच.
साडी आजवर कायम ड्रायक्लीनच केलेली. काठ न उसवता काही करता येईल का? पदराचं लाल कापडही वापरायची इच्छा आहे.

उसवणकर
आधी चुण्या कुठे आहेत ते नीट बघा. काठ सपाट आणि त्याच्या मागचं कुर्त्याचं कापड गोळा झालंय, तर काठ आटलाय. कुर्त्याचं कापड सपाट आणि काठच लाटांसारखा उठलाय, तर कुर्ता आटलाय. चार वर्षं धुतलेला कुर्ता आता आटायचा नाही, साडीला मात्र पाणी पहिल्यांदाच लागलं. म्हणजे पहिलाच प्रकार असणार.
शिवतानाच चुण्या पडल्या असत्या तर दोष मशीनचा म्हटला असता. खालचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचं मागे राहतं, किंवा दोरा फार ताणलेला असतो. ते वाफेच्या इस्त्रीने बरंच बसतं. आटलेल्या कापडाला इस्त्री काही करू शकत नाही. काठ उसवावाच लागेल.

कापूसकोंडी
बघितलं. काठ सपाट आहे, कुर्ता गोळा झालाय.

मुंढा-गळा
मग उसवाच, कारण छातीचं काम करायलाही घेर मोकळा लागणार आहे. आधी मापात आणा, सजावट मग.
चौबगळ्याने छाती का सुटली नाही, तर तो काखेत सगळ्यात रुंद असतो आणि खाली निमुळता होत साधारण ३ इंचांवर संपतो. हात वर करायला मोकळीक देतो, छातीला नाही. तुम्हाला छातीत अंगाच्या मापापेक्षा ४ इंच जास्त हवेत, तर बाजूला उभ्या पट्ट्या घाला.
चौबगळे काढा. बाजूची आणि बाहीखालची शिवण पूर्ण उसवा, मुंढ्याची, म्हणजे बाही अंगाला जोडणारी, फक्त काखेजवळ दोन्हीकडे १ इंच. बाकी मुंढ्याला हात लावू नका. आता २ इंच रुंदीच्या चार पट्ट्या, लांबी काखेपासून घेरापर्यंत अधिक १ इंच. पुढच्या भागाच्या दोन्ही कडांना एकेक, मागच्याला एकेक. जुन्या शिवणीची घडी दिसतेच, त्याच रेषेवर टीप मारा. प्रत्येक पट्टीची दोन्हीकडे अर्धा इंच माया गेली की १ इंच उरतो, चार पट्ट्यांचे ४ इंच. मग पट्टीला पट्टी जोडून बाजूची शिवण फक्त कटपर्यंत घाला. कट जिथे होता तिथेच राहतो. एकच रुंद पट्टी घातली तर तो पुढे किंवा मागे सरकतो.
बाहीला प्रत्येकी एकच पट्टी, ३ इंच कापलेली, म्हणजे तयार २. मुंढ्याला अंगाकडून १ अधिक १ आणि बाहीकडून २, हिशोब जुळला. काखेत बाहीच्या पट्टीच्या दोन्ही शिवणी कुर्त्याला पट्ट्या जोडलेल्या शिवणींसमोर आल्या पाहिजेत, पट्टीला पट्टी जोडलेली शिवण बाहीच्या पट्टीच्या मधोमध. तिथे आधी हाताने धावदोरा घाला, बघा, मग मशीन.

तिरपी-शिवण
चौबगळा फाटला त्याचं कारण राहिलं. टीप कापडाच्या कडेपर्यंत नेली असणार. ती कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी, मायेच्या रेषेवर, थांबायला हवी, नाहीतर कोपरा वळताना सगळा ताण दोन-चार धाग्यांवर येतो. पुढे कधी घातलात तर उसवलेल्या शिवणीच्या टोकामागे १ इंची सुती ठिगळ लावा आणि कोपऱ्याजवळ टाका १½ मिलिमीटरचा ठेवा.
मुंढा-गळा, एकाच गोष्टीवर मतभेद. चौबगळा काढायची गरज नाही, पट्टीवर ३ इंची बसतो.

मुंढा-गळा
बसतो, पण घट्ट मुंढ्यात आणखी चार कोपरे. पहिल्यांदा करणाऱ्याला मी सांगणार नाही.

कापूसकोंडी
पट्ट्या पदराच्या लाल कापडाच्या घातल्या तर?

बारा-हात
घालू नका. इरकलीत अंगाचे (साडीच्या मधल्या भागाचे) आणि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, तेच तिचं वैशिष्ट्य. तो सांधा कापला की फासे सुटायला लागतात. पदर घ्यायचाच तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधी बारीक टीप मारा, मग पलीकडे कापा. शिवाय लाल रंग जातो का ते बघा. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा जोरात घासा आणि ५ मिनिटं त्याच फडक्यात दाबून ठेवा. डाग पडला तर राखाडी कुर्त्याजवळ नेऊच नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, या भरवशावर तर मुळीच नको.
पट्ट्या साडीच्या अंगाच्या काढा, लांबीच्या दिशेने. उभा धागा कमी ताणतो, आडवी कापलेली पट्टी पुढे लोंबते. कापड पातळ वाटलं तर मागे मलमल लावा. कापण्याआधी दोन्ही कापडं तासभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा.

उसवणकर
काठाचंही तेच. उसवलेला काठ पुन्हा वापरता येईल, आटायचा तेवढा आता आटलाय. फक्त लांबी मोजा. घेर पट्ट्यांनी पुढून २४, मागून २४ होईल, जुने तुकडे ते झाकणार नाहीत. नवा काठ घ्यायचा तर घेराचे ४८, बाह्या १२-१२ धरून २४, आणि दुमडण्याचे ६, असा ७८ इंच, म्हणजे २ मीटर. साडेपाच मीटरच्या साडीत तो एकाच काठातून निघतो.
साडीचा वरचा, कमरेला खोचला जाणारा काठ घ्या. खालचा टाचेशी झिजलेला असतो. कापण्याआधी दोन अंगठ्यांनी आडवा ताणून बघा. सुर्रकन आवाज आला तर रेशीम जीर्ण झालंय, ते मलमलीवर ठेवून शिवलं तरी फार टिकणार नाही. आणि काठाला अगदी लागून कापू नका, अंगाचं अर्धा इंच कापड सोबत ठेवा. तीच तुमची माया, नाहीतर पहिल्या आठवड्यात धागे सुटतात.

तिरपी-शिवण
लावताना काठ ओढू नका, सगळ्या चुकांची आई ती. कुर्ता टेबलावर सपाट पसरा, काठ वर नुसता ठेवा, दर २ इंचांवर टाचणी आडवी लावा, धावदोरा घाला आणि मगच मशीन. सुई ११ नंबर, दोरा सुती, टाका ३ मिलिमीटर. आधी खालची कड, मग वरची, दोन्ही टिपा एकाच दिशेने. उलटसुलट मारल्या तर काठ पिळवटतो.
कटपाशी काठ वर वळवायचा असेल तर ४५ अंशांत घडी घालून आतली जाडी कापून टाका. जरीची चौपदरी घडी सुईला जात नाही.
इस्त्री उलट्या बाजूने, वर ओलं सुती फडकं. जरीचा धागा प्लास्टिकचा असेल तर गरम इस्त्रीला वितळून चिकटतो.

कापूसकोंडी
घेर सरळ आहे म्हणून सुटले का? एक गोल घेराचा कुर्ताही आहे.

मुंढा-गळा
सुटलात. काठ सरळ विणलेला असतो, गोलाईवर बाहेरची कड लांब आणि आतली आखूड लागते, आणि जरीचा धागा त्यात दबत नाही. गोलाई कापून घेर सरळ करा, नाहीतर काठाचा नाद सोडून उरेब पट्टीची पायपीन लावा. ती १½ इंच रुंद, ४५ अंशांत कापलेली.