अकरावी-बारावीचं इंग्रजी ऐच्छिक करा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

कृष्णाकाठ (सातारा)
काल आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "इंग्रजीपायी गावाकडची पोरं बारावीत लटकतात, ऐच्छिक करून टाका, सुटतील बिचारी." खाली धडाधड अंगठे. तिथं गप्प बसलो पण झोप काय लागेना, म्हणून इथं लिहितोय. मे 2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला त्यातपण हेच होतं, अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती नको, दोन भाषा घ्या, त्यातली एक भारतीय. ऐकायला लय भारी. पण सोडणार कोण? पुण्यातली इंग्लिश मिडीयमची पोरगी सोडेल, तिचं काय बिघडतंय, ती घरात कुत्र्याशीपण इंग्रजीत बोलते. खरा सोडणार आमचा जावळीतला नायतर माणमधला पोरगा, आणि मग पुढं फळ्याकडं बघत बसणार. मी बसलोय तसा. मराठी मिडीयममधून सातारला सायन्सला आलो तेव्हा फ्रिक्शन म्हणजे आपलं घर्षणच हे कळायला दिवाळी उजाडली होती.
माझं म्हणणं एवढंच, इंग्रजी सक्तीचं ठेवा पण कुठलं इंग्रजी ते पोराला निवडू द्या. ज्याला कविता-कादंबरी पायजे त्याला ती, ज्याला अर्ज, ईमेल, इंटरव्ह्यू, मशीनचं मॅन्युअल पायजे त्याला ते. सगळ्यांच्या गळ्यात युवकभारतीचं एकच पुस्तक कशाला?

हळदीचा भाव (सांगली)
काका, तुमची दिवाळी तरी उजाडली. आमच्या भावाची नाही. 2002 ला बारावी कॉमर्स, अकाउंट्सला 78, इंग्रजीत 27. ऑक्टोबरला परत बसला, 31. चार मार्कांनी माणूस आयुष्यभर "बारावी नापास". ठरत आलेली सोयरीक मोडली, आई महिनाभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. आज मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात त्याच्याएवढा तोंडी हिशोब कुणाला येत नाही आणि राजापुरी हळद हातात घेतली की भाव सांगतो. त्याला एकदापण पॅसिव्ह व्हॉइस लागलेला नाही.

कृष्णाकाठ
भावा, मी तेच म्हणतोय की! त्याला कामाचं इंग्रजी असतं तर पास झाला असता.

हळदीचा भाव
झाला असता, नसता, तुम्ही काय पेपर तपासणार होता? सक्ती म्हटली की नापास आलंच.

सेमीवाली
माझी भाची न्यू जर्सीत आहे. तिथं हायस्कूलला चारही वर्षं इंग्रजी सक्तीचंच, पण तिच्या शाळेत वरच्या वर्गात कोर्स निवडता येतो, पत्रकारिता, नाटक, कथालेखन असं. हिने भयकथांचा घेतला. म्हणजे काकांचं अगदीच हवेतलं नाही.

मराठीच्या मॅडम
ताई, न्यू जर्सी राहू द्या, आमच्याकडं या. ज्युनियर कॉलेजला इंग्रजीला एक माणूस, वर्गात शंभरावर पोरं, चार प्रकारचे कोर्स कोण शिकवणार? शिपाई? आणि सगळे इंग्रजीसाठी रडताय, मराठीचं काय? ती कधीच ऐच्छिक झालीय, कुणाला पत्ता तरी आहे का. अकरावी सायन्सला मराठीच्या जागी आयटी घेता येतं आणि अख्खा वर्ग तिकडं पळतो. माझ्या वर्गात यंदा नऊ जण. नऊ! 2020 चा मराठी सक्तीचा कायदा दहावीपर्यंतच, पुढं रान मोकळं.

बग आहे फिचर नाही
मॅडम, आयटी घेतलं म्हणून काय पाप केलं का. 80 मार्कांची परीक्षा कॉम्प्युटरवर, 20 चं प्रॅक्टिकल, जावास्क्रिप्ट-पीएचपीची तोंडओळख तरी होते. मराठीत पानं भरून लिहायचं आणि तपासणाऱ्याच्या मूडवर मार्क घ्यायचे. मी घेतलं होतं, आज त्याच्यावरच पोट भरतंय.

मराठीच्या मॅडम
पीएचपीसाठी कोण घेत नाही हो, स्कोअरिंग आहे म्हणून घेतात. खरं बोला की.

बग आहे फिचर नाही
बरं, स्कोअरिंग आहे म्हणून घेतलं. मग? तुम्ही तासिका तत्त्वावर असणार, पोरं घटली की तास जाणार, हे खरं दुखणं. तेपण खरं बोला की.

मराठीच्या मॅडम
हो, आहे तासिका तत्त्वावर. सेट परीक्षा पास आहे, नऊ वर्षं झाली, पगार सहा-सहा महिने येत नाही. माझे तास गेले तर तुम्हाला टाळ्या वाजवायच्यात का?

सेमीवाली
अहो दादा, हे जरा अति झालं.

बग आहे फिचर नाही
पगाराचं माहीत नव्हतं. ते बोलायला नको होतं. आयटीचं मत तेच आहे.

पाटण एक्सप्रेस
कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती पोरांना घासाघासाला मार्क मोजायला नव्हे. ही चर्चा वाचून अण्णांना काय वाटलं असतं!

कृष्णाकाठ
अण्णांना मध्ये आणू नका. सातारकर कुठलंपण भांडण हरायला लागला की अण्णांना पुढं करतो, मी स्वतः केलंय.

जत पूर्व
तुमचं मराठी-इंग्रजी चालू द्या, आमचं कुणीच धरत नाही. आमच्या भागात कन्नड शाळा आहेत. मी दहावीपर्यंत कन्नड मिडीयम, अकरावीला सांगलीत आलो तर मराठीपण परकी आणि इंग्रजीपण. हॉस्टेलवर पोरं माझ्या मराठीला हसायची. इंग्रजीच्या तासाला मात्र सगळेच माझ्यासारखे मठ्ठ, तिथं कुणी कुणाला हसत नव्हतं. मला तरी तोच एक तास बरा वाटायचा. सक्ती होती म्हणून बसलो, नायतर पहिला पळालो असतो.

मराठीच्या मॅडम
माझ्या नऊमध्ये दोघं तिकडचेच आहेत. तुम्ही लिहिलेलं उद्या त्यांना वाचून दाखवते.

हळदीचा भाव
जतच्या भावामुळं एक मान्य करतो, तेपण अर्धंच. परवा तमिळनाडूच्या व्यापाऱ्याचा मेल आला, इंग्रजीत, क्वालिटीची तक्रार. आमचा हिशोबबहाद्दर मोबाईल धरून बसला दहा मिनिटं. शेवटी त्याच्या पोरीने वाचून दाखवला आणि उत्तरपण तिनेच टाकलं. झालं समाधान, काका?

कृष्णाकाठ
अर्धं झालं. पोरगी कितवीला?

हळदीचा भाव
अकरावी सायन्स. आयटी घेतलंय.

मराठीच्या मॅडम
वाटलंच.