मदत हवी आहे : लातूरच्या उन्हात कापडी ग्रो बॅगमधील भाज्या आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी

सर्वांना नमस्कार.

मी लातूर शहरात राहते. आमच्या गच्चीवर कापडी ग्रो बॅगांमध्ये वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार आणि पालेभाज्या लावल्या आहेत. बहुतेक बॅगा १२ इंच रुंद व तितक्याच उंच आहेत, काही १८ इंच रुंद व ९ इंच उंच आहेत, आणि कापड न विणलेले, जाड, काळ्या रंगाचे आहे. भरताना शेतातील काळी माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळली होती. पावसाळ्याच्या अखेरीपासून माघापर्यंत या बॅगांनी आम्हाला भरभरून दिले. एक बॅग रिकामी केली तेव्हा मुळे प्लॅस्टिकच्या कुंडीतल्यासारखी गोल गुंडाळलेली नव्हती, तर सर्व मातीत बारीक जाळ्यासारखी पसरलेली होती. कापडाच्या कडेपर्यंत आलेले मुळाचे टोक हवेने सुकते, तेथेच थांबते आणि मागून नवे फाटे फुटतात, असे जे सांगितले जाते, ते मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

होळीनंतर मात्र चित्र बदलले आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

पहिली अडचण पाण्याची आहे. सकाळी झारीने पाणी घातले की काही क्षणांतच ते बॅगेच्या तळातून वाहून जाते, आणि दुपारी बोट खुपसून पाहावे तर मधली माती कोरडीच असते. कडेला माती आणि कापड यांच्यामध्ये फट दिसते. दुसरी अडचण अशी की, बॅगांच्या बाहेरील बाजूस पांढरा थर चढू लागला आहे आणि तो पश्चिमेकडील बाजूंवर अधिक जाड आहे. आमचे पाणी बोअरचे आहे. साध्या मीटरवर त्यातील विरघळलेले क्षार लिटरला सुमारे १,१०० मिलिग्रॅम दिसतात. तिसरी अडचण झाडांवरच दिसते: वांगी आणि भेंडीची कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु शिरा हिरव्या राहतात, टोमॅटोची फुले गळतात आणि जी थोडी फळे धरली त्यांच्या तळाला काळे, बसके डाग पडले आहेत.

सल्ले विचारले असता मला वारंवार एकच उत्तर मिळते, की दिवसातून दोन वेळा भरपूर पाणी द्या आणि क्षार खालून वाहून जाऊ द्या. पुण्यात किंवा कोकणात हे उत्तर योग्य असेलही. परंतु ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भाजीला घातलेल्या प्रत्येक बादलीचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा असे माझे मत आहे. म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे: कापडी बॅगेचा जो गुण, म्हणजे सर्व बाजूंनी हवा खेळणे, तोच आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तिचा दोष ठरतो का? तसे असेल तर उन्हाळ्यापुरते प्लॅस्टिकच्या पिंपांकडे वळावे, की याच बॅगा कमी पाण्यात सांभाळण्याची काही रीत आहे? मराठवाड्यातील, विशेषतः बोअरच्या पाण्यावर गच्चीत भाज्या करणाऱ्यांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद (परभणी)

नमस्कार ताई. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की उत्तर देणे सोपे झाले. बॅगा बदलू नका; उन्हाळ्यापुरत्या त्यांच्या बाजू झाका.

यामागचा हिशेब पाहा. रुंदी आणि उंची सारखी असलेल्या गोल बॅगेच्या बाजूंचे क्षेत्रफळ तिच्या तोंडाच्या चौपट असते. आपण वरून आच्छादन घातले तरी त्याहून चौपट जागा उन्हावाऱ्याला उघडी राहते. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक बाष्पीभवन होते, यावरून त्या बाजूंतून किती ओल जात असेल याची कल्पना यावी. आपल्या १८ बाय ९ च्या बॅगांत हेच प्रमाण केवळ दुप्पट आहे आणि माती जवळजवळ पावणेदोन पट मावते. उन्हाळी भाजीसाठी त्याच बॅगा वापराव्यात. उरलेल्या बॅगांना खताच्या रिकाम्या पांढऱ्या गोण्या फाडून बाहेरून गुंडाळाव्यात, तळ मात्र मोकळा ठेवावा. कडेची मुळे हवेने छाटली जाण्याचा लाभ तेवढ्या काळापुरता जाईल, परंतु काळे कापड वैशाखात इतके तापते की कडेची मुळे तशीही होरपळतात. मृगाचा पाऊस आला की गोण्या काढून टाकाव्यात. ओले गोणपाट गुंडाळण्याचा सल्ला कोणी देईल; त्याने बॅग गार राहते हे खरे, पण पाणी आणखी उडते.

पाणी वाहून जाण्याचे कारण मिश्रणात आहे. काळी माती सुकताना आकसते, हे भेगाळलेल्या शेतात आपण दरवर्षी पाहतोच, आणि पूर्ण वाळलेले कोकोपीट लवकर पाणी धरत नाही. दोन्ही मिळून कडेला फट पडते आणि पाणी तिकडूनच निसटते. सध्या प्रत्येक बॅग घमेल्यात चार बोटे पाण्यात ठेवावी, वरची माती ओलसर लागेपर्यंत, आणि उरलेले पाणी पुढच्या बॅगेला वापरावे. त्यानंतर कडेची माती दाबून फट बुजवावी आणि वर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरावे. एकदा वाफसा, म्हणजे मातीत हवी तेवढीच ओल, आला की तो मोडू न देणे, हेच पाणी वाचवण्याचे खरे काम आहे; पूर्ण वाळवून पुन्हा भिजवण्यात पाणी अधिक जाते. मात्र नेहमीच खालून पाणी देऊ नये, कारण त्याने क्षार वर चढून पृष्ठभागावर साचतात. जूनमध्ये बॅगा पुन्हा भराल तेव्हा काळी माती पाचव्या हिश्शाहून अधिक घेऊ नका.

आता क्षार. ते धुण्यासाठी आज बोअरचे पाणी खर्च करण्याची आवश्यकता नाही. जमिनीच्या जाडीइतके पाणी तिच्यातून निथळले की विरघळणारे क्षार सुमारे ८० टक्के धुऊन जातात, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या बॅगेत मातीची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर पाऊस पुरेसा, आणि लातूरला सर्वसाधारण वर्षी त्याहून बराच अधिक पडतो. पावसाळ्यात बॅगा छपराखाली न ठेवता उघड्यावर ठेवल्या तर हे काम फुकट होते. माती आणि पाण्यातील चुनखडी मात्र पावसाने जात नाही. पानांचा पिवळेपणा तिच्यामुळेच आहे: मातीत लोह असते, पण चुनखडीयुक्त मातीत आणि कठीण पाण्यात ते झाडाला घेता येत नाही. म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकणे जवळजवळ वाया जाते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. मातीतूनच द्यायचे असेल तर चिलेटेड लोहातील, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधून ठेवलेल्या लोहातील, ईडीडीएचए हा प्रकार घ्यावा. आपल्या मातीत तोच टिकतो.

टोमॅटोबद्दल बॅगेला दोष देऊ नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या आसपास तापमान राहिले की परागकण निकामी होऊन फुले गळतात. फळाच्या तळाचा काळा डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने पडतो. आपल्या पाण्यात कॅल्शियम मुबलक आहे, अनियमित ओलीमुळे ते वाहून नेले जात नाही इतकेच. तेव्हा अंड्याची टरफले घालून उपयोग नाही. आता ती झाडे काढून गवार किंवा चवळी पेरा. चवळी आणि बीट क्षार बरेच सोसतात. घेवडा, गाजर व कांदा अजिबात सोसत नाहीत. भेंडीसाठी आमच्याच कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण करून पाहा. तो केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला) प्रतिकार करणारा वाण म्हणूनच प्रसारित झाला होता.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

वरील सर्व सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त गोण्या गुंडाळण्याऐवजी आम्ही बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवतो आणि मधल्या फटींत भुसकट भरतो. त्यामुळे केवळ कडेच्या बॅगांनाच ऊन लागते. खाली तुराट्यांचा थर दिला तर स्लॅबची धग तळाला पोचत नाही. वर ५० टक्क्यांची शेडनेट दुपारपुरती ओढतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी कृपया घालू नका, त्यात क्षार अधिक असतात. एसीचे पाणी घरात मिळत असेल तर ते जवळजवळ क्षारविरहित असते. रोपांसाठी राखून ठेवा.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. टोमॅटोविषयीचे उत्तर वाचून फार मोठा गोंधळ दूर झाला. भिजवण्याचे काम आजपासूनच सुरू करते. अंबाजोगाईची पद्धत मला अधिक आवडली, कारण त्यात नव्या वस्तू लागत नाहीत. परंतु एक शंका आहे: सर्व बॅगा एकाच ठिकाणी आणल्या तर स्लॅबवर भार किती येईल? आमचे घर जुने आहे.

प्रतिसाद (परभणी)

ताई, ही शंका योग्य आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. १२ इंची बॅगेत सुमारे २१ लिटर मिश्रण मावते. त्यात काळी माती असल्याने भिजल्यावर ती २५ किलोच्या आसपास भरेल. एका चौरस मीटरमध्ये चिकटवून नऊ बॅगा बसतात, म्हणजे सव्वादोनशे किलो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात, आणि जुन्या घरात तेवढाही गृहीत धरू नये. म्हणून मधोमध चौकोन करू नका. खाली भिंत किंवा तुळई आहे अशा कडेने, पश्चिमेच्या कठड्याला लागून बॅगांची एकच रांग लावा. कठड्याकडील बाजू आपोआप झाकली जाते आणि दुपारनंतर कठड्याची सावलीही मिळते. गच्चीकडच्या बाजूलाच गोणी उभी लावावी लागेल. जून महिन्यात काळी माती कमी केल्यावर प्रत्येक बॅगेचे वजनही घटेल. स्लॅबला खालून तडे किंवा ओल दिसत असेल तर बॅगा हलवण्यापूर्वी अभियंत्याला दाखवून घ्या. आणि बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण साधा मीटर केवळ क्षारांचे एकूण प्रमाण सांगतो. त्यात सोडियम अधिक निघाले तर काळी माती चोपण, म्हणजे घट्ट व चिवट, होऊन निचरा आणखी बिघडेल, आणि तशा वेळी मिश्रणात जिप्सम घालावे लागेल. अहवाल आला की आकडे येथे द्या, म्हणजे जिप्समचे प्रमाण ठरवता येईल.