मुलांचा फोन रात्री खोलीबाहेर ठेवावा का?

चांदणवेळ
किशोरवयीन मुलांनी दिवसात किती तास फोन पाहावा यावर रोज वाद होतात. माझं मत: तासांचा हिशेब सोडा, रात्र सांभाळा. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे या मुलांना मुळातच उशिरा झोप येते. शाळेची वेळ मात्र हलत नाही. त्यात उशाशी फोन असला की झोपेचा आणखी तासभर सहज जातो.

म्हणून झोपायच्या तासभर आधी फोन चार्जरसकट खोलीबाहेर. चार्जर खोलीत राहिला की फोन त्याच्यामागे परत येतो. पहिली सबब गजराची असते, तेव्हा साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. आणि आईवडिलांचे फोनही त्याच जागी, नाहीतर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

ताळेबंद
पूर्ण असहमत. स्क्रीनच्या उजेडाची भीती फार वाढवून सांगितली जाते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना झोपेआधी चार तास पूर्ण उजेडात ई-रीडर वाचायला दिला होता. छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटंच जास्त लागली. 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. एवढ्यावर सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून फोन काढून घ्यायचा? वर्षभरात तो घराबाहेर राहायला जाईल, तेव्हा कोण काढून घेणार?

चांदणवेळ
उजेडाचं मान्य, मी त्यावर भर दिलाच नव्हता. झोप जाते ती वेळ खाल्ल्यामुळे आणि मन जागं राहिल्यामुळे. पुस्तकाचं प्रकरण संपतं; एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना शेवटच नसतो. ग्रुपवर भांडण पेटलं असेल तर फोन सायलेंट करूनही हात तिकडेच जातो.

0.4 टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तो सगळा वापर एकत्र धरून काढलेली सरासरी आहे. संध्याकाळी केलेला अभ्यास आणि रात्री एक वाजता सुरू असलेलं स्क्रोलिंग यांत ती फरक करत नाही.

जोडतार
तांत्रिक बाजू सांगतो, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये, म्हणजे वापरावर मर्यादा घालायच्या सोयीत, वेगळा पासकोड ठेवलाच पाहिजे आणि तो फोन उघडण्याचा नसावा. शिवाय वेळ संपल्यावर 'ब्लॉक' करण्याचा पर्याय चालू नसेल, तर मर्यादेकडे दुर्लक्ष करायचं बटण समोरच येतं. ॲप बंद केलं तरी तीच साइट ब्राउझरमध्ये उघडते; तीही अडवावी लागते.

राउटरवरून एखादं उपकरण अडवता येतं ते त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायच्या क्रमांकावरून. आताचे फोन खरा पत्ता लपवून दुसराच दाखवतात आणि तो बदलला की राउटरला ते नवीन उपकरण वाटतं. त्याऐवजी मुलांच्या उपकरणांसाठी वेगळ्या नावाचं वायफाय करा आणि ते ठरल्या वेळी बंद होईल असं लावा. मुख्य वायफायचा पासवर्डही बदला, नाहीतर फोन तिकडे जोडला जाईल. मोबाइल डेटा यातून सुटतोच. आणि कपाटातले जुने फोन मोजा! सिम नसलं तरी वायफायवर ते झकास चालतात.

ताळेबंद
वरची यादी माझ्याच बाजूची आहे. एक भोक बुजवलं की दुसरं सापडतं, आणि मूल शिकतं काय, तर लपवायला. आणखी एक गंभीर गोष्ट. ज्या मुलाला ऑनलाइन धमकावलं जातंय, त्याला 'सांगितलं तर फोन जाईल' ही भीती असेल, तर ते घरी तोंड उघडणार नाही. फोन काढून घेणं ही शिक्षा ठरता कामा नये, एवढं तरी मान्य करा.

माझा पर्याय वयानुसार. तेरा-चौदाव्या वर्षी फोन बाहेर ठेवा, हरकत नाही. पंधरा-सोळाला फोन खोलीत, पण पलंगापासून लांब आणि 'डू नॉट डिस्टर्ब'वर. फक्त घरच्यांचे आणि एक-दोन जवळच्या मित्रांचे कॉल येऊ द्यायचे. सतराव्या वर्षी निर्णय मुलाचा.

चांदणवेळ
शिक्षेबद्दल शंभर टक्के मान्य. नियम सगळ्यांना रोज सारखाच असला, तर तो शिक्षा वाटत नाही. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर बाहेर येऊन कॉल करायची मुभा हवी, त्यावर उलटतपासणी नको. पंधरा-सोळाला फोन खोलीत, हे मात्र पटत नाही. इच्छाशक्ती सर्वांत थकलेली असते त्या वेळी तुम्ही तिच्यावरच सगळा भार टाकताय.

ताळेबंद
मग मोजून ठरवा. सुट्टीच्या दिवशी मूल शाळेच्या दिवसापेक्षा दोन तासांहून जास्त उशिरा उठत असेल, तर झोप अपुरी पडतेय. तिथे तुमचा नियम लावा. फरक तासाभराचाच असेल, तर फोनला हात लावायचं कारण मला दिसत नाही. आणि सुरुवात परीक्षेच्या आठवड्यात करू नका.