एकसारखी ६० पेरणी यंत्रं, शेड्यूल कशात लावावं? बजेट ५ हजार

दारव्ह्याचा_फिटर
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरवरची ९ दात्यांची पेरणी यंत्रं बनवतो. यंदा तीन डीलर मिळून ६० यंत्रांची ऑर्डर आहे, ३१ मेच्या आत द्यायची. ७-८ जूनला मृग लागला की शेतकरी पेरणीच्या घाईत असतो, मग उरलेला माल वर्षभर अंगावर. पुतण्याने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची ट्रायल टाकून दिली. एका यंत्राची १४ कामं लिहिली (चौकट, सरते, बियाण्याची पेटी, खताची पेटी, चेन-स्प्रॉकेट, रंग, फिटिंग वगैरे) आणि तीच ६० वेळा कॉपी केली. ८४० ओळी झाल्या! पक्का वेल्डर एकच. चौकटीला ६ तास, सरत्यांना २ तास. ड्यूटी ८ तासांची, पण लाईटमुळे हाती ६ च येतात. सोमवारी १६ मार्चला सुरू केलं तर वेल्डिंगच १६ जूनला संपते असं दाखवतो. क्रमही असा लावला की आधी पन्नासेक चौकटी, मग सरते. पहिलं यंत्र निघायलाच मे उजाडेल, तोवर लोखंडाचे पैसे अडकून. यापेक्षा बरं सॉफ्टवेअर कोणतं?

वर्धा_कंत्राटदार
प्रोजेक्टच घ्या भाऊ, लायसन्स विकत घ्या. मी रस्त्याच्या आणि मोरीच्या कामांना तेच वापरतो, आजवर एकही बिल उशिरा लागलं नाही. ५ हजारात मात्र काही होत नाही, बजेट वाढवा.

जिनिंगवाला_हिंगणघाट
मी दोन वर्षांआधी ईआरपी (सगळ्या कारखान्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून घेतलं, १ लाख ८० हजार गेले. विकणारा दोन महिने रोज फोन उचलायचा, पैसे पूर्ण झाल्यावर उचलणं बंद. पण खरी गोची वेगळीच निघाली. दर पाळीला आकडे भरायला माणूस लागतो. आमच्याकडचा पोरगा तीन दिवसांचे आकडे एकदमच भरायचा, मग ते कॉम्प्युटर काय सांगणार? तुमच्याकडे माणूस आहे का, ते आधी पहा.

काळी_माती
राजेहो, सॉफ्टवेअर कायले पायजे? आमच्या बुढ्यानं चाळीस वर्ष तिफणी नि वखर बनवले, सारा हिशोब भिंतीवर खडूनं. एक चौकट झाली का एक उभी रेघ, पाच झाल्या का आडवी. सकाळी शटर उघडलं का कोठी काम तटलं थे दिसते. पैसे वाचवा अन् खताच्या पेटीले पावडर कोटिंग करा. साध्या रंगाची पेटी दुसऱ्या हंगामात गंजते, मंग शेतकरी शिव्या देते.

वर्धा_कंत्राटदार
पावडर कोटिंगला माल अमरावती नाहीतर नागपूरला न्यावा लागतो, भाडं कोण देईल? दोन हात रेड ऑक्साइड नीट मारलं तर पेटी टिकते.

काळी_माती
नाही टिकत ना जी. युरियानं ओल धरली का खालून पोपडे निघते. म्या सोता खरडून पायलं.

चाकण_रिटर्न
पेटीचं नंतर पाहू. मी अकरा वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये प्लॅनिंगला होतो, आता गावी मूर्तिजापूरला आहे. प्रोजेक्टसारखं सॉफ्टवेअर एकदाच होणाऱ्या कामासाठी असतं. त्यामागची क्रिटिकल पाथ (कोणत्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं, ते शोधायची) ही पद्धत १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत निघाली, रासायनिक कारखान्यांचं बांधकाम आणि दुरुस्ती लावायला. अशा कामाला एक सुरुवात असते, एक शेवट असतो. तुमचं काम रहाटासारखं फिरतं. त्यासाठी 'लाइन ऑफ बॅलन्स' नावाची पद्धत आहे, १९४० च्या दशकात गुडइयरमध्ये सुरू झाली. त्यात कोणत्या तारखेला किती नग कोणत्या टप्प्याच्या पुढे गेले पाहिजेत, एवढंच बघायचं.

आता तुमचाच हिशोब घ्या. ६ अधिक २ म्हणजे नगाला ८ तास, ६० नगांचे ४८० तास. रोजचे ६ धरले तर रविवार सोडून ८० दिवस. तारीख प्रोजेक्टच्या चार्टने बरोबरच सांगितली, अडचण वेल्डरपाशी आहे. सरते दुसऱ्या माणसाला द्या. पक्का वेल्डर फक्त चौकटीवर ठेवला तर दिवसाला एक, म्हणजे ६० दिवस, २३ मे. कोणतंच सॉफ्टवेअर हे आपणहून सुचवणार नाही. मोठा कागद घ्या, आडव्या तारखा, उभे नग, आणि रोज संध्याकाळी रेघ ओढा.

जिनिंगवाला_हिंगणघाट
मी तेच म्हणत होतो, वेल्डर वाढवा.

पुसदची_ताई
भाऊ, २३ मे धरताना पाडवा, १४ एप्रिल आणि १ मे सोडलेत का? तीन दिवस गेले की २७ मे. नंतर रंग वाळायला दोन दिवस, फिटिंगला एक, म्हणजे ३० मे. ३१ ला रविवार. हाती काहीच उरत नाही. आमच्या वर्कशॉपचा हिशोब मी पाहते, आमचं काम वेल्डिंगने कधीच अडलं नाही, दरवेळी बेअरिंग आणि बियाण्याच्या रोलरनेच अडलं. गेल्या हंगामात रंगवलेली २२ यंत्रं रोलरविना शेडमध्ये उभी होती, आणि डीलर रोज येऊन त्यांच्याभोवती फिरून जायचा. एक्सेलमध्ये ठेवा, ऑनलाइनचं फुकट आहे.

काळी_माती
ताईचं खरं हाय. पण खडू बी फुकटच हाय.

दारव्ह्याचा_फिटर
सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस विचार केला. मी चार्ट सोडत नाही. फक्त विकतचं न घेता प्रोजेक्ट लिब्रे टाकलं, ते फुकट आहे. ६० यंत्रांऐवजी ५-५ चे १२ लॉट केले आणि १४ कामांची ६ केली. ८४० च्या जागी ७२ ओळी. लॉट १ च्या मागे लॉट २ असे सगळे लॉट एकामागून एक जोडले, त्यामुळे आधी पन्नास चौकटी करायचं खूळही गेलं. सरते आता हेल्पर करतो, पक्का वेल्डर त्याच्या बाजूला उभा राहून दोन दिवस शिकवत होता.

भिंतीवर झालेलं काम दिसतं हे खरं, पण मला पुढचं दिसायला हवं. लॉट ४ ची फिटिंग ज्या दिवशी लागते, त्याच्या वीस दिवस आधी त्याचे रोलर सांगायचे, हे चार्टने तारखेसकट दाखवलं. ताई, तुमची ती २२ यंत्रं वाचून त्याच रात्री लॉट १ आणि २ चे रोलर सांगून टाकले.

आता उरलेल्या ५ हजारांत भंगारातले चॅनेल आणून चौकटीची दुसरी जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) करतोय. टॅक मारलेली (नुसते टाके घालून जोडलेली) एक चौकट तयार राहिली, तर लाईट आल्याबरोबर वेल्डरला थेट बसता येईल. काळी_माती भाऊ, रेड ऑक्साइडच्या आधी पेटी आतून कशाने धुता, तेवढं सांगा.

काळी_माती
थिनरनं पुसा, वाळू द्या, मंगच प्रायमर. कोपऱ्यात बोट फिरवून पाहा, तेल राहते तेथीच.