मदत हवी आहे : वर्गातल्या अळ्या शनिवार-रविवार कशा जगवाव्यात?

नमस्कार. मी ऐरोलीत दुसरीच्या वर्गाला शिकवते, पटावर ४२ मुलं. परिसर अभ्यासासाठी 'शोधा आणि नोंदवा' सुरू केलंय. मागच्या आठवड्यात मैदानाकडेच्या कढीपत्त्यावर मुलांना अळ्या सापडल्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, आता दोन हिरव्यागार झाल्यात. वहीत रोज चित्र काढणं चालू आहे. लिंबाच्या फुलपाखराच्या असाव्यात असा माझा अंदाज. मुलांना मात्र आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतच हवंय!

अडचण अशी, की दुपारी त्याच खोलीत दुसरं सत्र भरतं, त्यामुळे कुंडी आत ठेवता येत नाही. व्हरांड्यात ठेवली तर मुंग्या येतात. डास होतील म्हणून कुंडीखाली पाण्याची परात ठेवायला परवानगी नाही.

करून पाहिलेलं : फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली, एक अळी तोंडातून आत घसरून बुडाली. बाजारातला कढीपत्ता दिला, दुसऱ्या दिवशी दोन मेल्या, फवारणीचा असणार. सध्या जाळीचं झाकण असलेला डबा कपाटावर आहे, पाला रोज झाडाचाच. पण सोमवारी उघडला तर पाला कडक वाळलेला. ओला कापूस ठेवला तेव्हा बुरशी आली.

अळ्या परत झाडावर सोडायला माझी हरकत नाही, पण कोषातून फुलपाखरू बाहेर येताना मुलांनी एकदा तरी बघावं असं फार वाटतं. सुट्टीत शाळा पूर्ण बंद, आणि डबा घरी नेला तर बसमधून पाऊण तासाचा प्रवास.

तर पाला दोन दिवस ताजा कसा ठेवू? की झाडावरच फांदीला जाळीची पिशवी बांधून, कोष झाल्यावरच तो वर्गात आणू?